एका विचारवंताच्या मते

चौथ्या प्रश्नातलं वाक्य माझं होतं. आधी वाटलं, उन्हातून चालत आल्यामुळे डोळ्यांपुढे काहीतरी भलतंच येतंय. मी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला आणि पंख्याने उडू पाहणारी प्रश्नपत्रिका दोन्ही हातांनी बाकावर दाबून धरली. वाक्य जिथल्या तिथे. ठसठशीत छापलेलं, अवतरणचिन्हांत घातलेलं. ‘शांतता म्हणजे युद्धाचा शेवट नव्हे. पुन्हा पहिला वार कोणी करायचा यावर एकमत झालेले नाही, एवढाच तिचा अर्थ.’ आणि त्याखाली: एका विचारवंताच्या या मताचे, दोन महायुद्धांमधील काळाच्या आधारे, परीक्षण करा. हे मत पूर्णपणे स्वीकारता येईल काय? विचारवंत म्हणे! हे वाक्य बोलले तेव्हा माझ्या हातात फरशी पुसायचं ओलं फडकं होतं. मी शाळेत नोकरी धरली म्हणून नवऱ्याने अबोला धरला होता, आणि अबोल्याचा कंटाळा आल्यावर एका दुपारी दारात उभं राहून विचारलं होतं, की झालं ना आता, आहे ना घरात शांतता? मी गुडघ्यांवर बसल्या बसल्या, वर न बघता म्हटलं होतं, की शांतता म्हणजे भांडण संपलं असं नव्हे, आता पहिलं कोण बोलणार यावर एकमत झालेलं नाही, एवढंच. त्यावर तो हसला होता. मान जरा कलती करून माझ्याकडे बघितलं होतं आणि ‘वा’ म्हणाला होता. सबंध संसारात माझ्या वाट्याला आलेला तो एकुलता एक ‘वा’. त्यावर मी किती दिवस काढले ते माझं मला ठाऊक. पाण्याचा नळ बंद करताना आठवायचा, शाळेत पोरींच्या वह्या तपासताना आठवायचा, आणि उगीचच हसू यायचं. मूर्ख बाई. घराबाहेर पडताना खुंटीवरची छत्री उचलावी तसं तो माझं वाक्य उचलून घेऊन गेला होता, आणि इथे या वर्गात, शंभर पोरांपुढे, उघडून ठेवलं होतं.

म्हणजे पेपर त्याने काढला होता. हे कळायला चौथ्या प्रश्नापर्यंत जायची गरजही नव्हती, पहिल्याच प्रश्नाशी कळायला हवं होतं. ‘महायुद्धाचे कारण आणि महायुद्धाचे निमित्त यांतील भेद स्पष्ट करा. निमित्त टळले असते तर युद्ध टळले असते काय?’ नवरा इतिहासाचा प्राध्यापक आहे आणि कॉलेजात पोरं त्याला ‘काय सर’ म्हणतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य काय या शब्दाशी येऊन उभं राहतं. हे पुरेसे आहे काय, असे म्हणता येईल काय. घरीसुद्धा तेच. मीठ कमी आहे असं तो कधी म्हणत नाही. आज मीठ पुरेसं आहे काय, असं विचारतो, आणि मग ताटाकडे न बघता माझ्याकडे बघतो, मी पुराव्यानिशी काय सांगते ते ऐकायला. कारण आणि निमित्त हा तर त्याचा आवडता घास. दूध उतू गेलं की म्हणणार, झाकण उडालं हे निमित्त, आच मोठी होती हे कारण. जन्मात शेगडी पेटवली नाही, पण दाखले सगळे स्वयंपाकघरातले. छापलेल्या कागदातून मला त्याचा आवाज येत होता, त्याच्या घसा खाकरण्यासकट. पण खरी अडचण वेगळीच होती. पाचांतल्या तीन प्रश्नांची प्रकरणं मी वाचलीच नव्हती. वाचू नकोस म्हणून त्यानेच सांगितलं होतं.

हे वर्ष कसं गेलं ते सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल बाई अभ्यास न करता येऊन बसली. लग्न ठरलं तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. शाळेत मी लहान वर्गांना शिकवते, तात्पुरती. दर वर्षी सुट्टी लागली की कमी करतात आणि शाळा उघडली की परत घेतात. मोठ्या बाईंनी यंदा बोलावून स्पष्ट सांगितलं. त्या वाईट नाहीत, पण गोड बोलायचं त्यांना जमत नाही. म्हणाल्या, एक जागा कायम होतेय, तुमच्यासाठी मी निकालापर्यंत धरून ठेवीन, पदवी दाखवा आणि सही करा, नाही जमलं तर दुसरी कुणीतरी येईल आणि मग मला तात्पुरतंसुद्धा कुणाला ठेवता येणार नाही. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नवरा चक्क म्हणाला, मग बस की परीक्षेला बाहेरून, मी आहे ना. फॉर्म त्यानेच कॉलेजातून आणला. शेजारी उभं राहून माझ्याकडून भरून घेतला, अक्षर नीट काढ म्हणाला. हे मी मुद्दाम सांगतेय. फॉर्म त्याने स्वतः आणला होता.

आणि मग रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून आम्ही समोरासमोर बसायला लागलो. त्याची पद्धत माझ्या वडिलांसारखी नव्हती, त्यांनी नुसतं पाठ करायला लावलं असतं. हा म्हणाला, पाठांतराचे दिवस गेले, आता विश्लेषण विचारतात, आणि विश्लेषणाचा प्रश्न ओळखता येतो. प्रश्नपत्रिका काही आकाशातून पडत नाही. ती माणूस काढतो. त्या माणसाला पोट असतं, अहंकार असतो, एक आवडतं प्रकरण असतं, एक नावडता सहकारी असतो. तो माणूस शोध, त्याच्या डोक्यात शिर, प्रश्न आपोआप सापडतील. माणूसही त्यानेच शोधून दिला. त्याच्याच विभागातले दुसरे प्राध्यापक, ज्यांना पोरं ‘तराजू’ म्हणतात, कारण ते जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी आणून पारड्यात टाकतात आणि तुलना करा म्हणतात. आजवर पेपर बहुतेक तेच काढत आलेत. काढणाऱ्याचं नाव गुप्त असतं, पण विभागात सगळ्यांना कळतंच. नवऱ्याला त्याचं किती लागायचं ते मला माहीत होतं. निकालाच्या दिवसांत तो तराजूंच्या प्रश्नांची घरी बसून सालं काढायचा. हा काय प्रश्न आहे, दोन राजे घ्या आणि जोखा, वाण्याचं दुकान आहे काय. तर आता त्याच तराजूंच्या डोक्यात मला शिरायचं होतं. शिरले. जुन्या प्रश्नपत्रिका पसरून मी त्या माणसाची अशी काही नस पकडली की बास. ते कुठल्या पुढाऱ्यावर मनातून जीव टाकतात, कुणावर खार खातात, दमले की कसे सोपा प्रश्न टाकून देतात, बायको आजारी होती त्या वर्षी सबंध पेपर कसा घाईचा झाला होता, सगळं मला दिसायला लागलं. परपुरुषाचा एवढा विचार मी जन्मात केला नव्हता. रस्त्यात एकदा ते भेटले, हातात औषधांची पिशवी होती, आणि मला एकदम विचारावंसं वाटलं की यंदा दोन क्रांत्यांची तुलना टाकणार ना हो? त्यांनी नमस्कार केला, मीही केला.

खरं म्हणजे हे तंत्र मला शिकवायची गरजच नव्हती. समोरचा काय विचारणार ते आधी ओळखून उत्तर तोंडात तयार ठेवायचं, हेच तर मी लग्न झाल्यापासून करत आलेय. जिन्यावर पाऊल वाजलं की त्यावरून कळतं, आज प्रश्न पैशावर येणार की माझ्या माहेरावर. बूट नीट ठेवले तर वरवरचा, भिरकावले तर मोठ्या गुणांचा. दिवा का चालू आहे, शेजारीण कशाला आली होती, पत्र उघडं का आहे, आणि प्रत्येकाला सकारण उत्तर द्यायचं, नुसतं हो-नाही चालत नाही. माझ्या बहिणीला मी एकदा म्हटलं होतं, की मला नवऱ्याची भीती वाटत नाही गं, मला न वाचलेल्या प्रश्नाची भीती वाटते. ती म्हणाली, वेगळं काय त्यात. बहिणीचं डोकं तसं बरंच चालतं. पण या वर्षीच्या संध्याकाळी मला आवडल्या होत्या, खोटं कशाला बोलू. टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही, मध्ये दिवा, आणि प्रश्न माझ्याविषयीचे नव्हते. तो विचारायचा ते दूरच्या देशांविषयी, मेलेल्या माणसांविषयी. मी उत्तर देताना त्याची मान हलायची. माझं चुकलं तर न चिडता म्हणायचा, पुन्हा विचार कर, घाई नाही. हाच माणूस आधी कुठे होता असं मनात यायचं. मला वाटत होतं की उतारवयात का होईना, आमचं काहीतरी जमायला लागलंय.

आणि त्यातली ती एक संध्याकाळ. तो कॉलेजातून आला तोच गप्प होता, बूट एक इकडे आणि एक तिकडे. मी मोठ्या गुणांच्या तयारीत बसले, तर काही विचारलंच नाही. माझ्या अभ्यासक्रमाचा कागद पुढे ओढला, पेन्सिल घेतली आणि तीन प्रकरणांवर काट मारली. हे, हे आणि हे ऑप्शनला टाक. मी बघतच राहिले. महायुद्धाची कारणं, दोन महायुद्धांमधला काळ आणि राष्ट्रसंघाचं अपयश. म्हटलं, अहो, अख्खं महायुद्ध टाकायचं? म्हणाला, येऊन गेलंय गेल्या वर्षी, यंदा येत नाही, माझ्यावर विश्वास आहे की नाही? ऑप्शनला टाकणं हे पोरांचं शास्त्र आहे. पाचातले चार सोडवायचे असतात, म्हणून एवढं-एवढं वाचायचंच नाही असं आधीच ठरवून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. मी टाकलं. मग तो उठला, आत गेला, आणि त्याने स्वतः चहा केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. साखर जास्त पडली होती, दूध कपाबाहेर सांडलं होतं, पण मी तो चहा असा प्याले की जसं काही अमृतच. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं माझ्या, लाज वाटते सांगायला.

वर्गात आता सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या आणि माझी एकटीची वर होती. सुपरवायझर बाई दोनदा येऊन बघून गेल्या, म्हातारीला काही होतंय का म्हणून. होत होतंच. अंगाचा नुसता तिळपापड होत होता, आणि तरी डोकं त्याच्याच पद्धतीने चालत होतं, पायरी पायरीने. पेपर काढायचं बोलावणं आलं की एका कागदावर लिहून द्यावं लागतं, माझं जवळचं कुणीही या परीक्षेला बसलेलं नाही. हे मला माहीत होतं, कारण मागे तराजूंची भाची बसली होती, तेव्हा त्यांनी तसं कळवून पेपर सोडला होता आणि नवऱ्याने त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. भाचीसाठी कुणी पेपर सोडतं काय! म्हणजे यंदा बोलावणं याला आलं होतं. आणि याने लिहून दिलं होतं, माझं कुणी बसलेलं नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव जळत होता ते हातात आलं, ते बायकोपायी कोण सोडणार? इथवर मला समजत होतं. हावरेपणा मला समजतो. पण मग रोज संध्याकाळी समोर बसून मला तराजूंच्या डोक्यात शिरायला लावलं ते? स्वतःचा पेपर काढून पाकीट बंद करून झाल्यावर? आणि ती पेन्सिलीची काट? तेही हळूहळू उलगडलं. हा माणूस तत्त्वाचा आहे. कॉलेजचा खडू घरी आणत नाही. बायकोला पेपर फोडणं त्याच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. खोटं लिहून दिल्याची टोचणी असणार, ती भरून काढायला जे विचारलं तेच नेमकं माझ्याकडून काढून घेतलं त्याने. म्हणजे हिशेब चुकता. पाप त्याचं, प्रायश्चित्त माझ्याकडून.

जगात एकच पेपर काढणारा असा होता की ज्याला मी आतून-बाहेरून ओळखत होते, आणि नेमका त्याचाच पेपर मला येत नव्हता. मला हसू फुटलं. शेजारच्या बाकावरच्या पोरीने दचकून बघितलं. पोरगी पेनचं टोपण चावत होती. तिच्या वयाची असते तर मी रडले असते, उठून निघून गेले असते. पण या वयात माणूस आधी नफा-तोटा बघतं. नापास झाले तर जागा गेली, मोठ्या बाई निकालापुढे थांबणार नाहीत. आणि पास झाले तर? कधी ना कधी कळणारच, की पेपर ‘काय सरां’नी काढला होता. काय सरांची बायको त्याच वर्षी पास झाली, बघा. कोण विश्वास ठेवील की मला काही माहीत नव्हतं? मी स्वतः ठेवला नसता. मोठ्या बाईसुद्धा भुवया उंचावून बघतील आणि गोड बोलता येत नसल्यामुळे तोंडावर विचारतील. आणि आत्ता उठून सुपरवायझर बाईंना सांगितलं, की हा पेपर माझ्या नवऱ्याचा आहे, तर परीक्षा रद्द, ही टोपण चावणारी पोरगी पुन्हा परीक्षेला, नवऱ्याची नोकरी जाणार, आणि लोक म्हणणार, बाईने नवऱ्याला खाल्लं. जिकडे बघावं तिकडे भिंत. असा प्रश्न तराजूंनी कधी काढला नसता. त्यांच्या प्रश्नाला दोन पारडी तरी असतात.

मी पेन उघडलं. आधी जे येत होते ते दोन लिहून काढले, तराजूंची आठवण ठेवून, मुद्देसूद. मग पहिला. तो प्रश्न मी वाचला नव्हता पण खाल्ला होता, रोज, जेवणाबरोबर. झाकण आणि आच, आच आणि झाकण. राजपुत्राच्या खुनाचं तेवढं ठाऊक होतं, बाकी तारखा नव्हत्या, तहांची नावं नव्हती. पण कारण कसं साठत जातं, किती दिवस कुणाच्या लक्षात येत नाही, आणि मग एका फालतू गोष्टीवरून सगळं कसं पेटतं, आणि पेटल्यावर लोक त्या फालतू गोष्टीलाच कसे दोष देत बसतात, हे लिहायला मला पुस्तक लागत नव्हतं. पुरवणी मागून घेतली. आणि मग चौथा. मताचे परीक्षण करा. गंमत म्हणजे मी स्वतः ते वाक्य कधीच तपासलं नव्हतं. त्याने वा म्हटलं म्हणून ते मला खरं वाटत आलं होतं. आता पंख्याच्या आवाजात, घामाने कागदाला चिकटणाऱ्या मनगटाने, मी ते समोर ठेवलं आणि त्याच्याच शिस्तीने विचारलं, हे मत पूर्णपणे स्वीकारता येईल काय? येणार नाही. मी लिहिलं, की हे मत मांडणाऱ्या व्यक्तीने एक गोष्ट गृहीत धरली आहे. एकमत होण्यासाठी किंवा न होण्यासाठीसुद्धा दोन्ही पक्षांना युद्ध चालू असल्याची जाणीव असावी लागते. पुष्कळदा एकच पक्ष खंदकात बसून असतो. तो दुसऱ्याच्या हालचाली ओळखत राहतो, त्याच्या प्रत्येक पावलाचा अर्थ लावतो, दारूगोळा मोजतो. दुसरा पक्ष मात्र आपल्या घरी सुखाने जेवत असतो. समोर कुणी आहे, हेच त्याच्या गावी नसतं. अशा स्थितीला शांतता म्हणणे चूक आहे, आणि युद्ध म्हणणेही चूक आहे. मग तिला काय म्हणायचं ते मला सुचलं नाही. तेवढ्यात घंटा झाली. सुपरवायझर बाईंनी माझ्या हाताखालून कागद ओढून घेतले.

बाहेर त्या टोपणवाल्या पोरीने मला गाठलं. काकू, तुम्ही मध्येच हसलात कशाला हो, मला वाटलं तुम्हाला सगळं आलं. तिला दोनच आले होते, चेहरा पडला होता बिचारीचा. म्हणाली, कुणी खडूस म्हातारा असणार काढणारा, बघा ना, सगळीकडे काय काय काय. आणि तो चौथा? आमच्या नोट्समध्ये तर तो विचारवंत कुठेच नाही. काकू, कोण हो तो?

“असेल कुणीतरी बाई,” मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. बाई कशी असेल, विचारवंत आहे, म्हणाली, आणि मैत्रिणीने हाक मारली तशी पळाली.

घरापर्यंतचा रस्ता मी बसने न जाता पायी काढला. दुकानांच्या कापडी छपरांखालून, शिंप्याच्या मशिनीचा आवाज, टायर जळल्याचा वास, कुणाच्या तरी खिडकीतून रेडिओ, आणि डोक्यात सवयीप्रमाणे तयारी चाललेली. तो काय विचारणार, मी काय सांगणार. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासाठी प्रश्न काढत होते. एकच प्रश्न, सगळ्या गुणांचा, ऑप्शन नाही. खोटं का लिहून दिलंत? त्याची उत्तरंही मला ठाऊक होती. एक तर चिडेल आणि म्हणेल, आयुष्यभर डावललं मला, एकदा मान मिळाला तो सोडायचा होता काय? याला माझं उत्तर तयार होतं. किंवा तत्त्वावर जाईल, म्हणेल, मी तुला एक शब्द सांगितला नाही, उलट तुझं नुकसान होऊ दिलं, आणखी किती प्रामाणिक असावं माणसाने? याला तर दोन उत्तरं तयार होती, एक सभ्य आणि एक दुसरं. किंवा रडेल. रडण्याची मला जरा काळजी वाटत होती, कारण तो रडताना कसा दिसतो ते मला माहीत नव्हतं. जिना चढताना माझं पाऊल कसं वाजतंय तेही मी ऐकत होते, त्याला त्यावरून काही कळतंय का म्हणून.

दार उघडंच होतं. टेबलावर चहा करून ठेवलेला होता, कपावर बशी झाकलेली. त्याच्या हातचा हा दुसरा चहा बघितला आणि उरलीसुरली शंका गेली.

कसा होता पेपर, त्याने विचारलं. मी प्रश्नपत्रिका त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला लागला, नवीन असल्यासारखा, ओठ हलवत. दुसऱ्या प्रश्नाशी थांबून मान डोलावली. मी उभीच होते. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी घातली.

“चांगला काढलाय,” तो म्हणाला. “विश्लेषणाला वाव आहे.”

“चौथ्यातलं वाक्य कुणाचं?”

तो माझ्याकडे बघत राहिला. खरोखरच आठवत असावा. मला दिसत होतं, तो मनातल्या मनात पुस्तकं चाळतोय. मग चेहऱ्यावर काहीतरी उतरलं, आणि त्याने चष्मा काढून ठेवला. आता मी उभी राहायची काही गरज नव्हती. मी त्याच्यासमोर, माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसले. म्हटलं, तुमचं कुणी बसलेलं नाही असं लिहून दिलंत. तो म्हणाला, कळवलं असतं तर त्यांनी पेपर तराजूला दिला असता.

“द्यायला हवा होता,” मी म्हटलं. “त्यांचा पेपर मला आला असता.”

तो टेबलावर बोट फिरवत राहिला, चहाचा थेंब पडला होता तो पसरवत. मी माझी उत्तरं तोंडात घोळवत होते. मानाचं काढलं तर हे, तत्त्वाचं काढलं तर ते. रडला तर गप्प बसायचं. तो रडला नाही, चिडलाही नाही. उलट त्याच्या आवाजात एक नवलच होतं, जसं काही त्यालाही हे आत्ताच पहिल्यांदा दिसत होतं.

“खरं सांगू काय? सही केली तेव्हा तू डोक्यातच नव्हतीस,” तो म्हणाला. “जवळचं कुणी बसलंय काय, असं तिथे होतं. मी आठवून बघितलं. चुलतभाऊ आठवला, त्याची मुलं आठवली, पुतणी आठवली. नाही म्हणून लिहिलं. पाकीट दिलं, घरी आलो, दार उघडलं, तर तू टेबलाशी पुस्तक घेऊन बसलेली. तेव्हा लक्षात आलं. मग काही करता येत नव्हतं. त्याच संध्याकाळी ती प्रकरणं काढून टाकली. नाहीतर अन्याय झाला असता, इतरांवर.”

हे उत्तर माझ्या तयारीत नव्हतं. त्याच टेबलाशी, त्याच दिव्याखाली, रोज माझ्या डोळ्यांत बघून विचारत होता तो, आणि मी विश्वास ठेवला की बघतोय. एवढी वर्षं मी त्याच्या पावलांचे अर्थ लावले, बुटांचे लावले, खोकल्याचे लावले. त्याला चुलतभावाची मुलंसुद्धा आठवली. तोंडात घोळवलेली सगळी उत्तरं एकदम बेचव झाली, कारण ती शत्रूला द्यायची होती आणि शत्रू नव्हताच.

मग तो म्हणाला, पुढच्या वेळी बस पुन्हा, मी आधीच कळवून टाकीन. मी म्हटलं, पुढच्या वेळी जागा नाही. तो बरं म्हणाला. थोड्या वेळाने, पोरांना विचारतो तसं सहज, त्याने विचारलं, “चौथा सोडवलास काय?”

“सोडवला.”

“काय लिहिलंस?”

इतक्या वर्षांत त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न असेल, ज्याचं उत्तर त्याला आधीपासून माहीत नव्हतं. तो खुर्चीत पुढे सरकला होता, खरंच ऐकायला. कपावरची बशी काढून मी चहा त्याच्याकडे सरकवला. निवून त्यावर साय धरली होती. पेपर काढणाऱ्याकडेच गठ्ठे तपासायला येतात हे मला माहीत होतं. याच टेबलावर तो दोरा सोडील, लाल पेन्सिल घेईल, आणि केव्हातरी माझी उत्तरपत्रिका वर येईल, नावाशिवाय, नुसत्या क्रमांकाची. अक्षर ओळखेल की नाही कुणास ठाऊक. चौथ्या प्रश्नाचं माझं उत्तर मात्र बरोबर होतं. त्याला पूर्ण गुण पडायला हवे होते, आणि ते द्यायला तोच बसणार होता.

“वाचाल तेव्हा कळेल,” मी म्हटलं, आणि खिडकी लावायला उठले.